मोहटोलीची तिसरी फेरी

रबरी हातोडी गुडघ्याखाली हलकेच टेकली मात्र, सुखरामचा पाय असा उडाला की समोर बसलेल्या चंद्रकांताच्या हातातला पुठ्ठा कागदांसकट अंगणात पडला.

"बैलावानी लात मारते आता!" त्याची बायको रुखमा दारातून हसत म्हणाली. सुखरामही हसला. ओट्यावर पाय सोडून तो बसला होता. तिशीचा, काटक, उन्हानं काळवंडलेला गडी. पायानं हा काय चाळा केला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

चंद्रकांताला हसू आलं नाही. तिनं दुसऱ्या गुडघ्यावर हातोडी मारली. तोही तसाच उडाला. मग ती म्हणाली, "सुखरामभाऊ, जरा त्या विहिरीपर्यंत जाऊन या ना."

तो गेला आणि आला. मार्चमध्ये होळी झाल्यावर तिनं त्याला असंच चालवलं होतं. तेव्हा त्याचं पाऊल सपाट पडत होतं. आता टाच जमिनीला पुरती टेकत नव्हती आणि येताना गुडघे एकमेकांना घासत होते. त्याला ते कळत नव्हतं. तिला कळत होतं.

"पोटऱ्यांत गोळे येतात का?"

"येते ना बाई, पहाटे पहाटे. रोज गिट्टी फोडून राहिलो, गोळे येनारच."

तिनं कागद उचलले आणि लिहिलं: घर नंबर तेवीस, फेरी दुसरी. पुढचे रकाने भरताना तिचं अक्षर बिघडत गेलं.

चंद्रकांता शहापूरची. महामार्गाला लागून तिचे वडील बाबूलाल यांचं किराणा दुकान होतं. घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी, आणि आता नागपूरला होमसायन्सच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय तिच्या गाईड हरदास मॅडमनी दिला होता: लाखोरी डाळ खाणारी कुटुंबं आणि त्यांच्या पायांचं दुखणं. विषय ऐकून ती मनात हसली होती. लाखोरी काय तिला नवी होती? धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोरी फेकतात, ती आपली आपण उगवते, हे शहापूरचं शेंबडं पोरही सांगेल. आईच्या हातचे लाखोरीचे वडे खात ती मोठी झाली होती. पण मॅडमनी समजावलं, की भाताबरोबर वाटीभर खाल्ली तर काही होत नाही. दुसरं काहीच नसलं आणि दोन-तीन महिने सकाळ-संध्याकाळ तीच पोटात गेली, तर पाय आखडतात. एकदा आखडलेले पाय पुन्हा मोकळे होत नाहीत.

एकोणऐंशी साली पावसानं दगा दिला. बांध्या पिवळ्या पडल्या, धान पळंजीला गेलं, लोंब्यांत दाणाच भरला नाही. उरली ती लाखोरी. म्हणून मॅडमनी तोच दुष्काळ धरला आणि पवनीपासून आठ-नऊ मैलांवरचं मोहटोली हे गाव निवडलं. एकसष्ट घरं. पुढच्या साली तीन फेऱ्या: मार्च, मे आणि जुलै. पहिल्या फेरीला निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, "एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. आपण बघायला जातोय, बदलायला नाही. तिसरी फेरी होईपर्यंत डाळीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकदा का लोकांना कळलं, की ते खरं सांगणार नाहीत. आणि खरे आकडे नसले तर सरकार आपलं ऐकणार नाही. मग एका गावाचं नाही, जिल्ह्याचं नुकसान होईल."

तेव्हा हे तिला अगदी पटलं होतं. आता सुखरामच्या अंगणात उभं राहून ती तीच वाक्यं मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ती थोडी कमी पटत होती.

मोहटोलीत ती सुलोचनाबाई नर्सच्या खोलीवर उतरत असे. सुलोचनाबाई पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला फटकळ. त्या दिवशी चंद्रकांता जेवलीच नाही, तेव्हा त्यांनी तिच्यापुढचं ताट बाजूला सारलं. "काय झालं पोरी? काहून अशी करून राहिली?"

चंद्रकांतानं सांगितलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "तो लुळ्या पायाचा तुलाराम पाह्यला ना तू? देवळाजवळ बसते तो? मी आली तवा तो दोन काठ्यांवर चालत होता. आता बुडावर सरकते. गावात लोक म्हनते, बाहेरची हवा लागली. लाखोरी विकाले बंदी हाये एवढं मले माहीत, पन पायाचं कोनी सांगतलं नाही आजवर."

"मी काय करू?"

"तुह्या मॅडमले इचार. मले काय इचारते?"

दुसऱ्या दिवशी पवनीला जाणाऱ्याच्या हाती तिनं आंतरदेशीय पत्र दिलं. घर नंबर तेवीसमध्ये ताजी लक्षणं दिसत आहेत, सांगू का, असं सरळ विचारलं होतं. उत्तर यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस तिनं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. उरलेली घरं ती करत होती. वाट्या मोजत होती, हातोडी मारत होती. घर नंबर तेवीस टाळायला ती गुरं जमतात त्या मागच्या आखरावरून जायची. तरी सुखराम दिसायचाच. एकदा रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टीचं घमेलं डोक्यावर घेऊन चाललेला दिसला. घमेलं डगमगलं, त्यानं सावरलं. ती झाडामागे उभी राहून त्याची पावलं मोजत बसली. मोजायची सवयच लागली होती. पंचवीस पावलांत तीनदा त्याचा अंगठा जमिनीला घासला.

पत्र आलं. मॅडमचं अक्षर नेहमीसारखं रेखीव. "तुझी तळमळ समजते. परंतु फेरी पूर्ण कर. अहवाल तयार होताच आपण आरोग्य खात्याला कळवू. धीर धर." तिनं मनात हिशेब केला. जुलैची फेरी, मग तक्ते, मग टंकलेखन, मग अहवाल. दिवाळी उजाडणार. तोवर सुखरामनं किती दिवस दोन्ही वेळा लाखोरी खाल्लेली असेल? मॅडम खोटं बोलत नव्हत्या, वाईट तर मुळीच नव्हत्या. म्हणूनच त्यांचा शब्द मोडणं तिला जड जात होतं. प्रबंध फसला तर वर्ष जाणार. वर्ष गेलं तर बाबूलाल पुन्हा नागपूरला पाठवणार नाहीत; भैय्यालालकाकांनी स्थळ आणलेलंच होतं.

त्याच दिवशी दुपारी रस्त्याच्या कामावरून ओरडा आला. सुखराम पडला होता. घमेल्यातली गिट्टी अंगावर सांडली होती, कपाळ फुटलं होतं. सुलोचनाबाई पेटी घेऊन धावल्या, मागून चंद्रकांता. सुखराम उठायला बघत होता आणि त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत होते. लोक म्हणत होते, ऊन लागलं. रुखमानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"ऊन नाही," चंद्रकांता म्हणाली. "लाखोरी आहे. रोज दोन्ही वेळा लाखोरी खाल्ल्यानं हे होते. आजपासून बंद करा. तुलारामबाबाचे पायही यानंच गेले."

रुखमानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हे तुमाले आज समजलं?"

चंद्रकांताला खोटं बोलता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. "नाही," ती म्हणाली. "आधीपासून माहीत होतं."

"होळीपासून?"

"हो."

"होळीपासून माहीत होतं," रुखमा सावकाश म्हणाली, "अन् तुमी लिवत होत्या? माह्या घरात बसून, माह्या हातचं पानी पिऊन, तुमी नुसत्या लिवत होत्या?"

कपाळाला पट्टी बांधून होईपर्यंत चंद्रकांता तिथंच उभी राहिली. मग चार माणसांनी सुखरामला बाजेवर घालून घरी नेलं, आणि तीही मागोमाग गेली. रुखमानं तिला आत बोलावलं नाही, पण हाकललंही नाही.

"बंद करा म्हनता," चुलीशी बसून रुखमा म्हणाली. "मंग खाचं काय? रस्त्याचे पैसे महिना महिना भेटत नाही, अन् शेताची मजुरी सोमाजी पाटील लाखोरीतच देते. घरात दुसरा दाना नाही."

"मग निदान उकळत्या पाण्यात भिजवून ठेवा. तासाभरानं ते पाणी फेकून द्या. पुन्हा नव्या पाण्यात शिजवा. विष पुष्कळसं त्या पाण्यात उतरते."

"पानी फेकाचं?" रुखमानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी दूध नालीत ओत म्हणालं. "घट्ट घट्ट पानी असते ते. लेकरं तेच पिऊन निजते. अन् दोनदा चूल पेटवाले काड्या कुठून आनू? विहीर आटली, पानी आनाले तलावात उतरा लागते या दिवसात."

पुस्तकात हे कुठंच नव्हतं. चंद्रकांता उठली आणि सुलोचनाबाईंना घेऊन थेट सोमाजी पाटलाच्या घरी गेली.

सोमाजी पाटील साठीचा, शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आमच्या बापजाद्यांपासून खाऊन राहिलो लाखोरी. माहे पाय पाहा."

"तुम्ही भाताबरोबर खाता, पाटील. ते नुसती खातात."

"भात का माह्या कोठीत पडून राहिला? यंदा मलेच विकत आनावं लागते."

आता सुलोचनाबाई बोलल्या. "पाटील, मी सरकारी बाई हाओ. तुमाले माहीतच हाये, लाखोरी विकाले बंदी हाये. मजुरीत देनं चालते का नाही, ते मले काही समजत नाही. पवनीले जाऊन साहेबाले इचारून येतो."

पाटलानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. पानाचा डबा उघडला, बंद केला. शेवटी म्हणाला, "अर्धी कनकी देईन. अर्धी लाखोरी. याच्यावर माह्यानं होत नाही."

कणकी म्हणजे तांदळाची चुरी. तेवढी तर तेवढी. परतताना सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी आजवर कोनत्या साहेबाले काही इचारलं नाही. इचारलं असतं तर त्यानंच मले गप बस म्हनलं असतं." आणि त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या.

जुलैत ती तिसऱ्या फेरीला आली तेव्हा मॅडमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. नऊ घरांनी दार उघडलं नाही. बाकीच्यांनी एकजात सांगितलं, "आमी लाखोरी खातच नाही." चुलीवर डाळ रटरटत असायची, वास अंगणापर्यंत यायचा, आणि घरची बाई डोळ्याला डोळा न देता सांगायची, "हे तूर होय." खाणाऱ्यांचा एकही आकडा भरवशाचा राहिला नाही. नव्यानं पाय आखडलेला मात्र एकही सापडला नाही. तो डाळ धुतल्यामुळे, कणकीमुळे, की पाऊस झाल्यावर शेतावर रानभाजी मिळू लागली म्हणून, हे तिला सांगता येणार नव्हतं, आणि प्रबंधात तेच तर सांगायचं होतं.

तिनं हरदास मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी नको म्हटलं होतं."

"हो मॅडम."

"तिसरा तक्ता मी कापू का? दोनच फेऱ्यांचा प्रबंध म्हणून देता येईल. कुणाला काही कळणार नाही."

क्षणभर चंद्रकांताला सुटल्यासारखं वाटलं. मग तिला डोळ्यांपुढं रुखमाची वर झालेली मान दिसली. "नको. जसं झालं तसंच लिहू द्या."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी पहिले दोन तक्ते वाखाणले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा तर शास्त्रीयदृष्ट्या निकामी आहे. असं का झालं?"

"मी लोकांना सांगितलं, सर."

"का?"

तिनं चार दिवस खपून लांबलचक उत्तर तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. "एक माणूस पडला होता," एवढंच ती म्हणाली. परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तिनं मला आधी विचारलं होतं. मी थांब म्हटलं होतं. ही नोंदही प्रबंधात आहे. ती मीच घातली."

ही गोष्ट चंद्रकांताला माहीत नव्हती. टंकायला देताना मॅडमनी शेवटच्या पानावर चार ओळी स्वतःच्या हातानं वाढवल्या होत्या. ती सेकंड क्लासमध्ये पास झाली. पहिला वर्ग हुकला, म्हणून कॉलेजातली नोकरीही हुकली. स्थळाचं बोलणं पुढं सरकलं.

पुढच्या मार्चमध्ये ती मोहटोलीला गेली. हातात कागद नव्हते, म्हणून कोणत्या घरी कसं जावं हेच तिला कळेना. सुखराम अंगणात होता. एका काठीवर चालत होता, टाच अजून उचललेलीच. पण उभा होता, बुडावर नव्हता. गिट्टीचं काम सुटलं होतं. तो बसून दोऱ्या वळायचा. "बरं हाये बाई," तो म्हणाला. "याच्यापुढं गेलं नाही."

रुखमानं पाण्याचा गडवा आणून ठेवला. बसा म्हणाली नाही. चंद्रकांता तशीच उभ्यानं पाणी प्यायली. बांध्यांमध्ये लाखोरी चांगली आली होती. धानही बरं झालं होतं यंदा.

"बाई," रुखमा एकदम म्हणाली, "लहान लेकराले दिवसाची किती चालते? पोट्टं रडते वड्यासाठी. एक वडा दिला तर चालते का दोन?"

चंद्रकांतानं सगळी पुस्तकं मनात चाळली. "एकदोन वड्यांनी काही होणार नाही, सोबत भात असू द्या," ती म्हणाली, आणि थांबली. "पण नेमकी किती, ते मले माहीत नाही. खरंच माहीत नाही."

रुखमानं मान हलवली. मग घरात जाऊन बसायला तट्टा आणला आणि अंगणात अंथरला.