वाघरीची माती

माझ्या तोंडाला सगळी वाडी भिती. भिऊ दे. तोंड चालवलं न्हाई तर बाईमानसाला कोन इचारतंय? आमची वाडी लवळ्याच्या मागल्या डोंगराला, बावीस घरांची. तुकाबाई धनगरीन कुटं ऱ्हाती म्हनून इचारलं तर लोक म्हनत्यात, जरा हुबं ऱ्हावा, आवाज येईलच. पन ह्या सावनात येक येळ अशी आली, की बोलायचं व्हतं आन् माझी दातखीळ बसली. त्येच सांगती.

घराच्या वरल्या अंगाची जमीन आमी दयानंद सायबाला इकली. मानूस वाईट न्हाई. मूळचा लातूरकडचा, कंपनीत नोकरी, ऱ्हायला माण गावात. शनवार-आयतवार बंगल्यावर येनार, मला मावशी म्हननार, सवताच्या हातानं चा करून देनार. बंगल्याची राखन आमच्याकडंच. जमीन देताना मी येकच बोली केली व्हती, खालच्या कडेचा वाघरीचा तुकडा तसाच ठिवायचा. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी. माझ्या आजेसासऱ्यापासनं त्या तुकड्यात वाघर लागती. तीन पिढ्या मेंढरं बसली, लेंड्या पडल्या, तितली माती काळीभोर आन् मऊ झाली. कडंला आमच्या बिरोबाचा दगुड. सायब म्हनलं, "मावशी, शब्द दिला." आन् शब्द पाळला मानसानं. न पाळता तर लई बरं झालं असतं.

बंगला हुबा ऱ्हायला तवा संडास-मोरीच्या पान्याचं काय करायचं, ह्ये निघालं. डोंगरावर गटार कुटलं? वरच्या बंगलेवाल्यांनी नुसता खड्डा मारला, वर फरशी टाकली, झालं मोकळं. पन ह्या सायबाला सगळं नीट पायजे व्हतं. त्येनी स्वानंद नावाचा इंजनेर आनला. पोरगं बारीक, चष्मा लावलेलं, उनातानात फिरायचं. त्येनं मलाबी समजून सांगितलं, न चिडता.

"मावशी, टाकीत फक्त गाळ खाली बसतो," त्यो म्हनला. "वरचं पाणी दिसायला बरं, पण घाणच असतं. ते भोकं पाडलेल्या पाइपातून खडी भरलेल्या चरात सोडायचं आणि चरातून मातीत. खरी सफाई माती करते. माती जाड पाहिजे, कोरडी पाहिजे, आणि पाणी तिच्यातून रमतगमत गेलं पाहिजे."

"रमतगमत?" मी म्हनलं. "वरातीला चाललंय व्हय?"

बिचारा हसला. मग त्येनं दोन जागी हातभर खड्डं घेतलं. येक वाघरीच्या तुकड्यात, दुसरा बंगल्याच्या मागं, वर मुरमाडात. दोनी खड्ड्यांत पानी भरलं आन् काठीवर खुना करून घड्याळ बघत बसला. माझा ल्योक हृतिक लवळ्याला रिक्षा चालवतो, कालिजाची पोरं सोडतो. त्या दिशी त्यो घरी व्हता, तर इंजनेरासंगट मापाची फीत धरून फिरत व्हता. वाघरीतलं पानी अर्ध्या तासाला बोटभर उतरायचं. मुरमाडातलं मी पदर सावरून बघस्तोवर गडप! मी टाळीच वाजवली. "ही बघ जागा, कशी घटाघटा पितीया!"

स्वानंदच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतकं भरभर जायला नको, मावशी. इथं खाली कातळाला भेग असणार. भेगेतून गेलेलं पाणी गाळलं जात नाही. खालची काळी मातीच बरोबर आहे, चर तिथंच घेऊ."

काय? बिरोबाच्या म्होरं? जितं मेंढरू बसतं तितं मानसाचा गू? माझं डोस्कंच फिरलं. तरातरा खाली गेले आन् त्येच्या खड्ड्यात दोनी पाय घालून, चिखलात फतकल मारून बसले. "मार चर," म्हनलं, "आदी माझ्यावरनं मार. लेंडी येगळी आन् मानसाची घान येगळी. लेंडीनं रान पिकतं. तुमच्या घानीनं देव बाटतो." हृतिक पोट धरधरून हसत व्हता. माझा फोटू काढला आन् घरी नेऊन बायकूला दावला. शारदाला, माझ्या सुनंला. तीबी पदरात तोंड घालून लई हसली.

सायब आलं. हात जोडून म्हनलं, "उठा मावशी. तुमच्या शब्दाबाहेर नाही." स्वानंदनं अजून दोनदा सांगून बघितलं. वर भेग आहे, भेगेखाली तुमचा झरा आहे, सगळी वाडी तेच पाणी पिते. मी त्येला उडवूनच लावला. "मुरमातनं झिरपून आल्यालं पानी नितळ आसतं, ते आमाला शिकवू नगंस. तू काल जल्मलास." चर वर मुरमाडात मारलं. त्या दिशी मी जिकले. वाडीभर सांगत हिंडले, इंजनेराला कसा गप केला म्हनून.

वरीसभर कायबी झालं न्हाई. झऱ्याचं पानी तसंच, गार, तळाचा खडा दिसावा असं.

ह्या वैशाखात सायबाचा पोरगा ऋषिकेश बंगल्यावर येऊन ऱ्हायला. कुटं काय खाल्लं देव जाने, पोराला कावीळ झाल्ती, इस्रांती सांगितली व्हती. आईबाप नोकरीवर. मीच त्येला मऊ भात करून घातला, ताक दिलं. पंधरा-ईस दिसांत पोरगं टुनटुनीत झालं. जाताना पाया पडला, "मावशी, तुमच्यामुळं उठलो" म्हनला. मला लई बरं वाटलं. शारदाला तवा पाचवा म्हयना लागला व्हता. झऱ्याच्या खेपा तीच करायची. मी वरडायचे, हंडा उचलू नगंस, कळशीनं आन. ती म्हनायची, "आत्या, कळशीनं खेपा वाढत्यात." तिला माझ्या तोंडाचं भ्या नव्हतं. सगळ्या वाडीत तिलाच नव्हतं.

आखाडात मानसं पिवळी पडाय लागली. आदी येक, मग चार, मग अकरा. "आत्या, लई मळमळतंय," शारदा म्हनली. पोटुशी बाई हाय, मळमळायचंच, म्हनून मी सोडून दिलं. डोळं पिवळं झालं तवा काविळीची माळ आनून तिच्या डोक्यावर घातली. माळ वाढत वाढत गळ्यात आली, गळ्यातनं बेंबीपतूर आली. सगळे म्हनलं, माळ वाढतीया म्हंजी कावीळ उतरतीया. चौथ्या दिशी सकाळच्याला ती मला वळखंना. मलाच इचारती, "बाई, तुमी कोन?" हृतिकनं तिला रिक्षात घातली आन् पुन्याला पळवली.

डाक्टर म्हनला, "ही आजाऱ्याच्या शौचातून पाण्यात उतरणारी कावीळ. बाकीचे बरे होतील. गरोदर बाईला धरली तर..." आन् तसंच झालं. बाकीची अकराच्या अकरा बरी झाली. सत्तर वर्सांची साळूबाई, जी खोकून खोकून अर्धी झालीया, ती सुदिक बरी झाली. देवा, काय हिशेब तुजा!

शारदा दवाखान्यात काचंमागं पडली व्हती तवाच सायब आन् स्वानंद वाडीवर आलं. आरोग्याच्या बाईनं झऱ्याचं पानी खराब हाय म्हनून कळवलं व्हतं. स्वानंद म्हनला, "बंगल्याच्या संडासात रंग टाकतो. झऱ्याला रंग आला नाही तर आपला काही संबंध नाही." मी झऱ्यापशी जाऊन बसले. बिरोबाला म्हनलं, रंग येऊ देऊ नगंस, आन् माझी शारदा दे, मी जल्मात तोंड वर करून बोलायची न्हाई. अर्धा तासबी झाला नसंल. पानी पोपटी झालं. आदी मला वाटलं उंबराच्या पानांची सावली हाय. हात घातला तर वंजळीतबी हिरवं.

स्वानंद मागनं आला, पानी बघितलं आन् खाली मान घालून वर गेला. "मी सांगितलं नव्हतं का, म्हातारे" असं म्हनला असता तर मी त्येच्या अंगावर धावले असते, त्येला शिव्या घातल्या असत्या, जरा तरी जीव हलका झाला असता. तेवढंबी न्हाई केलं त्येनं.

पोटातलं बाळ आदी गेलं. दुसऱ्या दिशी शारदा गेली.

दहाव्याच्या दिशी दयानंद सायब भेटाया आलं. वाडीची मानसं आंगनात बसल्याली. हृतिक उठला आन् त्येनं सायबाची कॉलरच धरली. "तुमच्या घानीनं माझी बायकू मारली! झऱ्याच्या डोक्यावर चर मारायला कुनी सांगितलं? डोळं फुटलं व्हतं?" मानसं उठली, कोन म्हनलं तक्रार करा, कोन म्हनलं बंगला पेटवा. सायबानं येकदाच माझ्याकडं बघितलं. येकदाच. मग म्हनलं, "जागा मीच ठरवली. चूक माझीच आहे." मी तितंच, उंबऱ्यात बसल्याली. जन्मभर नको तितं वाजल्यालं तोंड, आन् त्या दिशी त्यातनं हूं का चूं निघालं न्हाई. लाज वाटती मला. अजून वाटती.

दिवाळी सरली, जमीन सुकली, तवा मीच सायबाला फोन लावला. म्हनलं, चर वाघरीत घ्या. बिरोबाचा दगुड मी सवता उचलून वरच्या बांधाला नेऊन ठिवला. हृतिकचा बा मेंढरं घेऊन दुसरीकडं गेला, माझ्याशी बोलला न्हाई. मजुरांनी खनाय घेतलं तर माती कशी, लोन्यावानी. कंबरंएवढा चर झाला तरी दगुड लागला न्हाई. स्वानंदनं काठी घालून बघितली. "चार फुटांच्या वर आहे, मावशी. अशी माती या डोंगरात कुठंच नाही."

"आता झरा साफ व्हईल?" मी इचारलं.

त्येनं काठी पुसली आन् वर बोट दावलं. "या बंगल्याचं थांबेल. वर अजून नऊ बंगले आहेत, नुसत्या खड्ड्यांचे. भेग तीच आहे. ते पाणी आता पिऊ नका." झऱ्यावर आमी काटेरी फांद्या टाकल्यात. टँकर येतो, येतो तवा येतो.

त्याच दिशी दुपारी हृतिक त्येची पेटी रिक्षात टाकत व्हता. माणला खोली घेतलीया म्हनला, तितंच धंदा करीन. मी रिक्षाचा दांडा धरला. ह्या बारीला मातर बोलले. "हृतिक, सायबाची चूक न्हाई. इंजनेर वाघरीतच चर मार म्हनत व्हता. मी मारू दिला न्हाई."

"ठावं हाय, आये," त्यो म्हनला. "फीत मीच धरली व्हती."

मला काय कळंना. "मग त्या दिशी सायबाची कॉलर का धरलीस?"

"तुजी कशी धरू?"

त्येनं माझा हात दांड्यावरनं सोडवला, जोर न लावता. रिक्षा चालू केली आन् उतारानं गेला. मागं वाघरीत मजूर खडी वतत व्हते, त्येंना पानी पायजे व्हतं. मी टँकरच्या पिंपातनं तांब्या भरला आन् घेऊन गेले.