मोडलेला खांदा

मी चित्रकलेच्या वर्गातला एक जुना लाकडी माणूस आहे. हातभर उंच, सगळे सांधे फिरणारा, लोखंडी बैठकीवर उभा. मित्रांनो, जपानच्या हाकोदाते बंदरात कुरोसे सेन्सेई, म्हणजे कुरोसे गुरुजी, हौशी लोकांना चित्रं शिकवत. मी त्यांचा नमुना.

सेन्सेई फार तापट. "आधी हाडं, मग कार्टून!" म्हणत ते मला मेजावर आपटत. कुणी चित्रात हात चुकीचा काढला की माझा हात पिरगाळून ओरडत, "असा वळतो का? तुझा वळवून दाखवू?" माझी एक टाच अशीच फुटली.

वर्गातली ताझुको बंदरावर माकुळ मासळी साफ करायची. ती म्हणे, "सेन्सेई, मला काय डॉक्टर व्हायचंय? मला मोठ्या डोळ्यांची माणसं काढायचीत."

एका दुपारी तिने रेनकोटातला एक मुलगा काढला. डोळे बशीएवढे.

"हे हात की उकडलेल्या शेवया? पोराला खांदाच नाही!" सेन्सेईंनी कागद टराटरा फाडला.

"तो माझा केन्झो होता," ताझुको म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ. गेल्या हिवाळ्यात होडीसकट बुडाला. देहही मिळाला नाही.

तिने मला कमरेला धरलं आणि बैठकीच्या बाजूने सेन्सेईंवर हाणलं. कट्‌कन आवाज झाला. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, माझा हात उडाला. ते कोसळले, मेजाच्या कोपऱ्याने कपाळ फुटलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं. तिने मला पुन्हा उगारलं, तेव्हा वर्गातलाच न्हावी ओगावा तिच्या मनगटाला लोंबकळला. "ताई, सोड! म्हातारा मरेल!"

सेन्सेईंनी पोलिसांना बोलावू दिलं नाही. काही दिवसांनी ताझुको दारात येऊन वाकून उभी राहिली.

"दार लाव, थंडी येतेय," सेन्सेई म्हणाले. त्यांनी सदरा उतरवला. "मोडलेला खांदा कसा लटकतो, बघ. काढ."

"मी तुम्हाला मारलं..."

"माहितीये. मी तुझ्या भावाला फाडलं. काढ."

तिने पुन्हा केन्झोच काढला. डोळे तसेच बशीएवढे. पण आता रेनकोटाखाली खांदा होता, एका अंगाला ओघळलेला.

सेन्सेईंनी कागद जवळ ओढला. "डोळे राहू देत. पण या पोराचा खांदा दुखतोय."

"दुखायचाच," ती म्हणाली. "जाळ्याचे दोर ओढून ओढून." आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच ती हंबरडा फोडून रडली.

माझा हात तिनेच डिंकाने चिकटवला. तो आता वळत नाही, पण टिकून आहे. मित्रांनो, लाकूड चिकटतं. कुणाचं चित्र फाडायला हात शिवशिवला, तर आधी एवढंच विचारा, "हा कोण?"