बसायची जागा

"ह्यात माझी खुर्ची कुटं हाय?" अण्णासाहेबांनी नकाशावर वाकून विचारलं.

इंटिरियरचं काम घेतलेली मृण्मयी गोंधळली. तिनं त्यांच्या मुलाकडे, शैलेशकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

घोटावड्यातला हा प्लास्टिकच्या झाकणांचा कारखाना अण्णासाहेबांनी एका मशीनवर उभा केला होता. ऑफिस म्हणजे एक खोली आणि एक लोखंडी टेबल. आता, दोन हजार पाच साली, बाहेरची मोठी गिऱ्हाइकं येणार म्हणून शैलेशनं ते नव्यानं करायला घेतलं होतं. नकाशात काचेची केबिन होती, मीटिंगचं टेबल होतं, दाराशी रिसेप्शन होतं.

"अण्णा, डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना," शैलेश हळूच म्हणाला. "वाटलं, रोज कशाला दगदग..."

"व्हय. ते बी खरंच."

"काका, केबिनमध्ये अजून एक खुर्ची बसेल," मृण्मयी घाईनं म्हणाली.

"नगं, पोरी. एका केबिनीत दोन मालक बसले की कामगार कुनाचंच ऐकत न्हाईत." त्यांचं बोट नकाशावर फिरत दाराशी थांबलं. "ह्यो सोफा?"

"भेटायला येणाऱ्यांसाठी."

"मग जरा उंच कर. म्हाताऱ्या मानसाला खाली बसलं की उठवत न्हाई."

घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "अनसूया, हापिस लई झ्याक होनार हाय." दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात गेले नाहीत. सवयीनं सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. अनसूयाबाई चहा तेवढा पुन्हा आणून द्यायच्या. उद्घाटनालाही त्यांनी तापाचं निमित्त काढलं.

मग एका दुपारी न राहवून ते गेलेच. आत गारवा होता. मशीनचा आवाज इथवर पोचत नव्हता.

"कोणाला भेटायचंय, काका?" रिसेप्शनवरच्या नव्या मुलीनं विचारलं.

"शैलेश सायबास्नी. घाई न्हाई."

"नाव काय सांगू?"

"अण्णा म्हन."

ते सोफ्यावर टेकले. मुलीनं फोन उचलला. काचेपलीकडे शैलेशनं रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं आणि ताडकन उठला. धावत केबिनच्या दाराशी आला. पण ते काचेचं दार आत ओढायचं की बाहेर ढकलायचं, हे घाईत त्याला उमगेना. तो तसाच खटपट करत राहिला.

अण्णासाहेब उठले आणि त्यांनी बाहेरून दार ओढून धरलं.