सासरकडची गोगलगाय

गोगलगायीचं एक जनुक जनुकांची नाती दाखवणाऱ्या वंशवृक्षात सरळ माणसाच्या शेजारी जाऊन बसलं, तेव्हा संगणकवालीला आधी आनंदाचं भरतं आलं आणि मग शंका. शंख फुटला की गोगलगायीच्या अंगात कोणती जनुकं जागी होतात, हे ती संगणकावर शोधत होती. हे जनुक फुटक्या शंखवाल्यांत जोरात चालू होतं, अख्ख्या शंखवाल्यांत ठार झोपलेलं. दुपारी सगळ्यांसमोर तिला हेच सांगायचं होतं, आणि ते ऐकून तिची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, ते प्रयोगशाळेचे प्रमुख सर ठरवणार होते.

"माणसाच्या इतकी जवळची?" नवरा मागून डोकावला. शेजारच्या खोलीत तो गोगलगायींचे नमुने तयार करी. अखंड बोलण्यामुळे सगळे त्याला रेडिओ म्हणत. "तुझ्या माहेरची असणार. तुझे दादाही असेच, हाक मारली की शंखात."

"गप रे." माणसाच्या शरीरात हे जनुक कुठे काम करतं, ते तिनं शोधलं. उत्तर आलं, लाळेच्या ग्रंथींत. ती बघतच राहिली. गोगलगायीचा शंख फुटला म्हणून माणसाची लाळ कशाला सुटेल?

"फुटक्यांचे नमुने कुणी तयार केले?"

"मी. अख्ख्यांचे त्या नव्या मुलीनं."

"तोंडाला मास्क होता?"

"त्यात बोलता येत नाही गं."

ती खुर्चीत मागे रेलली. "माहेरची नाही. सासरचीच निघाली."

रेडिओनं आवाज बारीक केला. "आजच्यापुरतं दाखवून टाक. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

दुपारी तिनं ते जनुक वगळून उरलेली किडूकमिडूक चार दाखवली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते मोठं जनुक गेलं कुठे?"

"नमुन्यात माणसाची भेसळ होती, सर. वंशवृक्षात पकडली गेली."

"कुणाची?"

नवऱ्याचं नाव तिच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तिनं पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची करकरली. गप्प बसणं रेडिओला कधी जमलंय? तो पुढे आला आणि बोलताना लाळ कशी उडते, हे सगळ्यांना साग्रसंगीत समजावू लागला.

"पुरे," म्हणत सरांनी आपला चहाचा कप हातानं झाकला. मग तिच्याकडे वळले. "बाई, पुढचं वर्षभर काम चालू ठेवा. आणि यांचं तोंड बंद ठेवा."

"पहिलं जमेल, सर," ती म्हणाली.