पस्तीस मिनिटांवरची भाऊबीज

वीणाने आपल्या थोरल्या भावाला, शशिकांतला, शेटलंडची नोकरी घ्यायला लावली ती निव्वळ भिंतीवरच्या नकाशाच्या भरवशावर. तिचा नवरा राजीव स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर डॉक्टर होता आणि त्याच्या दवाखान्यात ब्रिटनचा मोठा नकाशा टांगलेला होता. त्यात ऑर्कनीच्या अगदी बाजूला, एका चौकोनात, शेटलंड. मध्ये बोटभर अंतर. दादा तेव्हा कार्डिफच्या हॉस्पिटलात होता. इकडे ये, शेजारीच आहे, रोज डबा पाठवीन, असं तिने फोनवर ठासून सांगितलं आणि बहिणीच्या शब्दाखातर तो बिचारा आला. कागदावर जागा पुरत नाही म्हणून ती बेटं चौकोनात कोंबतात, हे राजीवने सांगेपर्यंत दादाचं सामान शेटलंडच्या लेरविक गावी पोचलंसुद्धा होतं.

खरं अंतर निघालं पंच्याऐंशी मैल. विमानाला पस्तीस मिनिटं, त्याआधी लेरविकपासून विमानतळापर्यंत पंचवीस मैलांचा रस्ता, आणि या सगळ्यावर हवेची मर्जी. दहा महिने झाले तरी भेट म्हणून नाही. दादाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि वीणाला तेच जास्त लागायचं.

म्हणून अठ्ठ्याऐंशीची भाऊबीज काही झालं तरी चुकवायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. लग्न होऊन इकडे आल्याला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत तिने भावाला एकदाही ओवाळलं नव्हतं. आधी तो नागपुरात होता, मग कार्डिफात, आणि रजा कायम आड यायची. यंदा त्याला एक दिवस मिळाला होता. दुपारी दोनला उतरायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं आणि संध्याकाळच्या विमानाने परत. तिने करंज्या केल्या, पाटाभोवती रांगोळी काढली, लेस्टरहून मागवलेली सुपारी ताटात ठेवली. राजीव गाडी घेऊन विमानतळावर गेला. विमानतळ घरापासून अगदी जवळ होता.

दीड वाजता ढग इतके खाली आले की कुंपणापलीकडची मेंढरंही दिसेनात.

विमान आलं मात्र वेळेवर. आवाज डोक्यावर आला, लांब गेला, फिरून आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वीणाला कळून चुकलं की हे काही उतरत नाही. तिने निरांजन लावलं, ताट उचललं आणि मागच्या अंगणात गेली. ज्योतीला पदराचा आडोसा केला आणि ढगातल्या त्या आवाजाकडे तोंड करून ओवाळलं. कोणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं, पण तिला त्याची पर्वा नव्हती. थोड्या वेळाने आवाज उत्तरेकडे गेला तो पुन्हा आला नाही.

तासाभराने फोन वाजला. दादा जिथून निघाला होता त्याच विमानतळावर परत पोचला होता. त्याचा आवाज ऐकताच वीणाचा बांध फुटला. "दादा, माझ्यामुळे तू त्या टोकाला जाऊन पडलास," ती म्हणाली.

"ते राहू दे. आधी सांग, आम्ही वर घिरट्या घालत होतो, तेव्हा तू ओवाळलंस ना?"

वीणाने पदराने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली.

"मला वाटलंच. मी डोक्यावर रुमाल घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरलोय. लँडिंग होईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला."