घरच्या पोत्याची परखी

मी परखी बोलतेय. हातभर लांब, पुढे टोकदार, मधून पन्हळीसारखी पोकळ. धान्याच्या पोत्यात मला खुपसलं की आतले दाणे घरंगळत मुठीशी येतात आणि पोत्याच्या पोटात काय दडलंय ते तळहातावर उघडं पडतं. एवढ्याशा कामापायी मी बरीच माणसं नाराज केली आहेत.

१९७१ साली हिंगणघाटच्या तानबा लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवलं. जाम गावच्या चौरस्त्यावर धान्याचा व्यापार करणारे अण्णाजी मला घेऊन गेले. अण्णाजी चौथी शिकलेले, पण दाणा दाताखाली धरला की तो कोणत्या शेतातला ते सांगत. मला पिशवीत टाकल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. एकदा तर लग्नाच्या पंगतीला मला घेऊन गेले आणि तांदळाच्या पोत्यापाशी घुटमळत राहिले. शेवटी बायकोने, मनकर्णाबाईंनी, हात धरून पाटावर बसवलं.

"वरचा दाणा नवे कपडे घालून बसते," ते म्हणत. "मले आतल्याशी बोलायचं हाये."

पण एका ठिकाणी माझं तोंड बंद. सोयऱ्याच्या पोत्याला परखी लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. लावली तर त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं होतं.

वडनेरचे लक्ष्मणराव म्हणजे मनकर्णाबाईंचे सख्खे भाऊ. १९७९ साली त्यांची तूर आली, बारा पोती. मी खुंटीवरून नुसती पाहत राहिले. लक्ष्मणराव काही लबाड नव्हते. पोती गड्याने भरली, दोन आतून ओली होती, त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांत भुंगे झाले आणि त्या दोन पोत्यांतून गोदामभर पसरले.

"तुझ्या भावाचं पोतं म्हणून हात नाई लावला," अण्णाजी कुरकुरले.

"मी काय तुमचा हात धरला होता?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुढे १९८३ साली अण्णाजींच्या स्वतःच्याच पोटात काही बिघडलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. जळजळ व्हायची. मग ते चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून प्यायचे, ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "झालं, बरं वाटलं." आठ महिने असंच चाललं. धोतर सैल झालं. परक्याच्या दाण्यावर कधी विश्वास न ठेवणारा माणूस स्वतःच्या पोटाला एक प्रश्न विचारत नव्हता.

एक दिवस मनकर्णाबाईंनी सोड्याची बाटली उकिरड्यावर फेकली. "जगाचे पोते तपासता. तुमचं पोट काऊन नाई दाखवत? चला दवाखान्यात."

गेलो. मी अर्थात पिशवीत. तिथे नाचणगावच्या सुलोचना डॉक्टर होत्या. त्यांनी तोंडातून एक लांब नळी पोटात घातली, आतला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अण्णाजींना घशात दुखत होतं तरी ते हसले. "म्हंजे बाई, तुम्ही बी परखीच लावली." आणि मला काढून दाखवलं. डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिलं. इतक्या मानाने मला कुणी हातात घेतलं नव्हतं.

आठवड्याने कळलं. पोटाचा कॅन्सर. मनकर्णाबाई भिंतीला टेकल्या. अण्णाजी म्हणाले, "शरीरात राखणदार राह्यते म्हणतात. ते काय झोपले होते?"

"झोपले नव्हते, काका," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी सारख्या फिरून राह्यल्या आहेत. बाहेरचा जंतू दिसला की धरतात. पण हा बाहेरून नाई आला. तुमच्याच पोटातली एक पेशी बिघडली, तिची ही गाठ झाली. चेहरा घरच्यासारखा. म्हणून त्या पेशी शेजारून निघून जातात. काहींना संशय आलाच, तर गाठ असं काही सोडते की त्यांचा जोर ओसरतो. काही राखणदार तर उलट तिचीच राखण करतात. हे सगळं नेमकं कसं होते, ते अजून शोधणं चालू आहे."

अण्णाजींनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. "लक्ष्मणरावची तूर."

मनकर्णाबाईंना रडता रडता हसू आलं. "आता तरी माझ्या भावाले सोडा."

"गाठ अजून पसरली नाई," डॉक्टर म्हणाल्या. "पण राखणदारांच्या भरवशावर राहू नका. आपल्यालाच कापून काढावं लागेल. वाचाल, असं मी आज लिहून नाई देत."

अर्ध्याहून जास्त पोट काढलं. तेवीस दिवस मी खाटेखालच्या पिशवीत होते. वरून ऐकू येणारा अण्णाजींचा श्वास मोजत होते. चोविसाव्या दिवशी पिशवीत त्यांचा हात आला, माझ्या मुठीवरून फिरला, आणि मी समजले, माणूस वाचला.

आज सहा वर्षं झाली. ते दिवसातून सहा वेळा मूठमूठ जेवतात, दुकानात बसतात आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा नळी घालून घ्यायला मुकाट्याने जातात. माझं टोक बोथट झालंय, मूठ दोनदा बदलली.

मागच्या हंगामात लक्ष्मणरावांची तूर आली. अण्णाजी मला घेऊन उठले. लक्ष्मणरावांचा चेहरा पडला. "भाऊजी, माझ्यावर भरोसा नाई?"

"तुमच्यावर हाये. पोत्यावर काऊन ठेवू? माझ्या पोटानं मले फसवलं, ते तर तुमच्याहून जवळचं."

मी आत गेले. दाणे हातावर आले, कोरडे, लालसर, खणखणीत. लक्ष्मणरावांनी स्वतःच दुसरं पोतं पुढे ओढलं. "हे बी पाहून घ्या."

मी समाधानी आहे. तुम्हाला एकच विनंती. आपलं आहे म्हणून बघायचं सोडू नका. आपल्या माणसाने परखी लावली तर रुसू नका, पुढचं पोतं तुम्हीच ओढून द्या.