भट्टीत न विटलेला पापुद्रा

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुमची निराशाच होईल. तळहाताएवढा, राखाडी, धुरकट असा एक पातळ तुकडा. पण मला डोळ्यांसमोर धरून समुद्राकडे पाहा. पाण्यावरची चकाकी पुसली जाईल आणि खालचं शेवाळ दिसू लागेल. शास्त्राच्या पुस्तकात मला ध्रुवक म्हणतात. प्रकाश येतो तो सगळ्या दिशांनी थरथरत येतो. मी त्यातल्या एकाच दिशेच्या थरथरीला वाट देतो, बाकीची अडवतो. माझ्यावर माझाच भाऊ आडवा ठेवला, की दोघांतून काहीच पार जात नाही, काळोख होतो. घड्याळांच्या, यंत्रांच्या पडद्यांवर जे काळे आकडे उमटतात, ते आमच्याच जिवावर.

नारुतोच्या सामुद्रधुनीकाठी एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या बाईंनी मला घडवलं त्यांचं नाव शिझुए कामेई. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. पण माझी गोष्ट माझ्या जन्माच्या आधी सुरू होते, एका मोडलेल्या पायापासून.

माझ्या आधीचे पापुद्रे आयोडीननं रंगवायचे. दिसायला ते माझ्याहूनही देखणे. पण उन्हाचा ताव आणि समुद्राची दमट हवा त्यांना सोसायची नाही. आतलं आयोडीन हळूहळू उडून जायचं आणि पापुद्रा फिका पडायचा. तोकुजी हामागुची नावाच्या कोळ्याच्या नावेवर पाण्याची खोली दाखवणारं यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर असाच एक पापुद्रा लावलेला होता. दोन उन्हाळ्यांत तो पार विटला. जूनमधल्या एका सकाळी दाट धुकं उतरलं, आणि पडद्यावर चौदा आहे की चार, हे तोकुजींना वाचता येईना. नाव खडकावर चढली. नाव वाचली, पण तोकुजींचा पाय मोडला.

महिन्याभरानं ते कुबडी टेकत कारखान्यात आले. यंत्राचा पडदा त्यांनी टेबलावर आपटला.

"कुणी तपासून पाठवलं हे? त्या शहाण्याला बघायला आलोय मी."

शिझुए उठून उभ्या राहिल्या. "मी तपासलं. शिक्का माझाच आहे."

एक बाई समोर येईल असं तोकुजींना वाटलं नव्हतं. त्यांनी आवाज जरा खाली आणला. मग म्हणाले, "बाई, तुमच्या या पडद्यापेक्षा माझ्या आजोबांची दोरी बरी होती. दगड बांधून सोडायची, ओली किती झाली ते बघायचं. ती कधी फिकी पडली नाही."

शिझुए माफी मागत कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. तोकुजी निघून गेले, तरी त्यांनी मान वर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मालकांकडे, मिनोबेसाहेबांकडे गेल्या. "साहेब, आयोडीन सोडून देऊ या. रंगानं रंगवलेला पापुद्रा करू. रंग उडून जात नाही."

"आणि रंगाचा पापुद्रा तेवढा काळा होत नाही, त्याचं काय?" मिनोबे म्हणाले. "मोठमोठ्यांनी हात टेकलेत, कामेईसान."

"मला दीड वर्ष द्या. नाही जमलं तर मी स्वतःहून जाईन."

पहिले सहा महिने नुसती नासाडी झाली. आमचं मूळ अंग म्हणजे खळीसारख्या चिकट पदार्थाचा पारदर्शक पापुद्रा. त्याला रंगात बुडवायचं आणि मग गरम पाण्यात, दोन रुळांमध्ये धरून, सहापट लांब ताणायचं. ताणलं की आतले अदृश्य धागे विंचरलेल्या केसांसारखे सरळ होतात आणि रंगाचे लांबोडके कण त्यांच्याच दिशेनं ओळीत लागतात. ही ओळ जितकी सरळ, तितका पापुद्रा चोख. पण शिझुएंच्या पापुद्र्यावर रंगाचे ढग उठायचे आणि चौपट ताणलं की तो फाटायचा.

त्यांचे वडील इसाकु निळीचे रंगारी होते. पन्नास वर्षं निळीच्या रांजणांत हात घालून त्यांची नखं कायमची निळी झालेली. एका रविवारी शिझुए फाटलेले तुकडे घेऊन त्यांच्याकडे गेल्या. म्हाताऱ्यानं एक तुकडा बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"हे काय? भाताची पेज वाळवलीस वाटतं!"

"बाबा, थट्टा नको. रंग सारखा बसत नाही."

"कोरडंच बुडवतेस ना?"

"हो. वेळ वाचतो."

"वेळ वाचतो!" इसाकु हसले. "बाहेरून तहानलेला माणूस आला, की त्याच्यापुढे तू एकदम जेवणाचं ताट ठेवशील? आधी पाणी देशील ना? मग यालाही दे. पोटभर पाणी पिऊन फुगू दे. त्यानंतर पातळ रंगात घाल, आणि घाई करू नकोस. घाईचा रंग नुसता कातडीवर बसतो."

घरी परतताच शिझुएंनी वही उघडली. तांबडा, पिवळा आणि निळा असे तीन रंग मिसळून राखाडी साधायचा होता, आणि प्रत्येकाची चाल निराळी. निळा आधी शिरायचा, पिवळा मागं रेंगाळायचा. पाण्यात मीठ किती, ऊब किती, रुळांचा वेग किती, या सगळ्याचा मेळ बसेपर्यंत वसंत सरला. शेवटी जुलैतल्या एका दुपारी मी रुळांवर चढलो. आधी गार पाणी प्यालो. मग रंगात मुरलो. मग धागे घट्ट धरून ठेवणाऱ्या बोरिक आम्लाच्या कोमट पाण्यात मला ताणायला सुरुवात झाली. तिप्पट, चौपट, पाचपट. शिझुए रुळाचा दांडा स्वतःच्या हातानं फिरवत होत्या. सहापट झालं, आणि मी फाटलो नाही.

पण नुसतं जन्मून काय होतं? मला टिकायचं होतं. कारखान्यात एक दमट भट्टी होती. पाण्याला उकळायला थोडंच कमी पडावं एवढा ताव, आणि हवा इतकी ओली की चहाच्या किटलीत शिरल्यासारखं वाटावं. तिच्यात न थांबता हजार तास काढले, तरच पापुद्रा टिकाऊ म्हणायचा. मला आत ठेवलं, आणि शेजारी तुलनेसाठी आयोडीनचा एक देखणा भाऊ ठेवला. पंधरवड्यात तो पाणचट चहासारखा झाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याचा रंगच उडून जाणारा.

मी मात्र तग धरून होतो. नऊशे बारा तास झाले, आणि वादळ आलं. सगळ्या किनाऱ्याची वीज गेली. भट्टी सहा तास थंड पडली.

चारच दिवसांनी यंत्र बनवणाऱ्या बड्या कंपनीची माणसं निकाल बघायला येणार होती. मिनोबे भट्टीपाशी आले. "वीज आली ना? झालं तर मग. राहिलेले अठ्ठ्याऐंशी तास पुरे करा आणि कागदावर हजार लिहा."

"नाही साहेब. मध्ये सहा तास याला विसावा मिळाला. विसावा घेतलेल्याला न थांबता धावला असं कसं लिहू?"

"अहो, पापुद्रा आहे तो! मॅरेथॉनचा गडी नव्हे! ती माणसं काय म्हणतील? परत जातील ती."

"जातील," शिझुए म्हणाल्या. "पण साहेब, मी एकदा शिक्का मारला आणि एका माणसाचा पाय मोडला. आता पुन्हा नाही मारत."

त्यांनी भट्टीचा आकडा शून्यावर आणला. नवा तुकडाही घेतला नाही, मलाच पुन्हा आत ठेवलं. खरं सांगतो मित्रांनो, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता कळतं, त्या स्वतःलाही माझ्याबरोबर आत ढकलत होत्या. कंपनीची माणसं आली आणि हात हलवत परत गेली. मिनोबेंनी शिझुएंच्या हाताखालची दोन माणसं काढून दुसऱ्या कामाला लावली. डब्यातला भात त्या एकट्याच भट्टीसमोर बसून खायच्या आणि काचेतून माझ्याकडे बघायच्या.

बेचाळीस दिवसांनी मला बाहेर काढलं. त्यांनी मला उजेडासमोर धरलं आणि न तावलेला एक भाऊ माझ्यावर आडवा ठेवला. काळोख झाला, अगदी गच्च. मिनोबेंनीही चष्मा सरसावून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग ते बाहेर गेले, आणि आपल्या घरून आलेल्या 'सुदाची' नावाच्या हिरव्या लिंबांची पिशवी आणून त्यांनी शिझुएंच्या टेबलावर ठेवली. मालकांना माफी मागायची ती एवढीच रीत येत होती.

शिझुए मला घेऊन थेट बंदरावर गेल्या. तोकुजी जाळं विणत बसले होते.

"पुन्हा पडदा?" ते म्हणाले. "एक पाय शिल्लक आहे, तो हवाय का?"

"भट्टीतून निघालेला हाच तुकडा लावते. नवा नाही."

"जुना लावता? वा!"

"याचं काय होतं ते मला माहीत आहे. नव्याचं माहीत नाही."

तोकुजींनी जाळं बाजूला ठेवलं. "एका अटीवर. धुक्याच्या दिवसांत तुम्ही माझ्याबरोबर नावेत बसायचं. बुडालो तर दोघं बुडू."

मार्चमध्ये धुकं उतरलं तसा निरोप आला. शिझुए नावेत बसल्या आणि पहिल्या लाटेलाच त्यांना ओकारी झाली. नावेच्या कडेला डोकं टेकून त्या बसून राहिल्या. समोर भिंतीसारखं पांढरं, आणि खाली भोवऱ्यांचं पाणी गुरगुरत होतं. तोकुजी मात्र माझ्याकडे बघत मोठ्यानं आकडे वाचत होते. "अठरा. पंधरा. अकरा..." अकराला त्यांनी सुकाणू वळवलं. त्यांचा पाय जिथं मोडला होता तो खडक डाव्या हाताला ओला, काळा असा सरकून गेला.

तोकुजींनी टोपी काढली. "कामेईसान," ते म्हणाले. त्यांनी बाईंना नावानं हाक मारली ती पहिल्यांदाच. "चहा घ्या. आल्याचा आहे, मळमळ थांबेल."

त्यानंतर वीस उन्हाळे मी त्या नावेवर काढले. तांबड्या माशांचे हंगाम पाहिले, खारं पाणी अंगावर घेतलं, कितीदा तरी तोकुजींच्या बाहीनं पुसला गेलो. माझ्या जातीचे पापुद्रे पुढं गाड्यांत, विमानांत, शेताच्या यंत्रांत गेले. शिझुएंचं नाव मात्र कुठं छापलं गेलं नाही.

मग उपग्रहावरून वाट दाखवणारे रंगीत पडदे आले. तोकुजी सत्तरी ओलांडून गेले, नाव मोडीत निघाली. तेव्हा त्यांनी स्वतः पेचकस घेऊन मला सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि बसनं शिझुएंच्या घरी नेलं. त्या निवृत्त झाल्या होत्या. अंगणात वाकामे शेवाळ वाळत घालत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातचं काम चाचपूनच चाललेलं. त्यांनी आतून दुसरा पापुद्रा आणला, माझ्यावर आडवा ठेवला आणि आकाशाकडे धरला.

"मला नीट दिसत नाही, हामागुचीसान. तुम्ही सांगा. काळा आहे?"

तोकुजींनी मान उंच करून बराच वेळ पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. वीस वर्षांची ओळख, समोर थकलेली बाई.

"काळा आहे," ते म्हणाले. "पण खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढं पिवळं पडलंय."

मला वाटलं, शिझुएंचा चेहरा उतरणार. तो उजळला.

"कोपऱ्यातच? मध्ये कुठं नाही?"

"नाही. फक्त कोपऱ्यात."

"म्हणजे रंग नाही हरला. कडेनं पाणी शिरलं. पडद्याला चिकटवायचा कडेचा डिंक कच्चा आहे!" हातातलं शेवाळ टाकून त्या लगबगीनं घरात गेल्या. फोनवर त्यांचा आवाज मोठा झाला होता. "कोण, नवीन तपासणीस का? लिहून घ्या. वीस वर्षं, नावेवर, कडेचा डिंक..."

दुसऱ्या दिवशी माझा तो कोपरा कापून कारखान्यात गेला. माझ्या पुढच्या पिढीच्या कडा आता वेगळ्या डिंकानं चिकटवतात असं ऐकतो.

मित्रांनो, एखादी वस्तू जुनी झाली की तुम्ही ती टाकता, तो तुमचा हक्क आहे. पण टाकण्यापूर्वी एकदा उजेडासमोर धरा आणि ती नेमकी कुठून हरली ते पाहा. जिनं ती घडवली, ती कुठंतरी फोनपाशी बसलेली असेल. तिला तेवढं कळवा.